ड्यूटी लागली

रविवार, रात्री

ऑगस्टची ड्यूटी लागली. काल संध्याकाळी दवाखान्यात केसपेपर काढत असताना आमच्या नर्सिंगच्या ग्रुपवर ड्यूटीच्या कागदाचा फोटो आला. उद्यापासून लेबर रूम. पहिला आठवडा मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट.

वर्गातल्या बऱ्याच मुली हॉस्टेलला राहतात. त्यांनी फोटो पाहिला, युनिफॉर्मला इस्त्री केली, झालं. मला त्या एका फोटोवरून चार माणसांचा महिना मांडावा लागतो. माझी इव्हनिंग असली की लेकीला शाळेतून कोण आणणार? आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रात्रीचं इन्सुलिन कोण देणार? आणि संध्याकाळचं दवाखान्यातलं माझं काम? ते सोडलं तर फीचा हप्ता कुठून भरायचा? डॉक्टर समजूतदार आहेत. इव्हनिंगच्या आठवड्यात सकाळी ये म्हणतात, पण त्यांनाही दुसरी व्यवस्था लावायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस माझ्याकडेच नसतात.

आज दुपारभर जुन्या कॅलेंडरच्या मागे रेघा मारत बसले. लाल पेन माझं, निळं ह्यांचं, हिरवं आत्यांचं. ह्यांचं मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेबाचं काम, सौदे असले की सकाळची वेळ अजिबात सुटत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीला मी आणते की शाळेतनं, तू नको काळजी करू." त्यांचं नाव मी काळ्या पेननं लिहिलं. आता कपाटाच्या दारावर चार रंगांचा कागद चिकटवलाय.

मंगळवार

लेबर रूममध्ये डोकं दुसरीकडे जाऊच शकत नाही. आज एक पहिलटकरीण होती, सीमेपलीकडच्या गावातली, मराठी अगदी थोडं यायचं. मिरजेला हे नवीन नाही. १८९४ मध्ये वॉनलेस साहेबांनी इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कर्नाटकातली माणसं गाडीत बसून औषधपाण्याला मिरजेलाच येतात. "नोवु" म्हणजे दुखणं आणि "नीरु" म्हणजे पाणी, एवढं कानडी मला वॉर्डातच आलं.

तिचा पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतंय त्याचा आलेख, भरायचं काम सिस्टरनी मला दिलं. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजायचे आणि कागदावर ठिपका द्यायचा. १२० ते १६० च्या दरम्यान असले तर ठीक. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या, एकेक किती सेकंद टिकली, तेही बघायचं आणि तेवढे चौकोन भरायचे. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की आलेखाला सुरुवात. पुढं तासाला निदान एक सेंटिमीटर तरी उघडायला हवं. ठिपके अलर्टच्या तिरक्या रेघेच्या डावीकडे राहिले तर सगळं सुरळीत. रेघ ओलांडून उजवीकडे सरकले की डॉक्टरांना लगेच सांगायचं, थांबायचं नाही.

तिचे ठिपके डावीकडेच राहिले. दुपारी बाळ झालं, मुलगी. पुसून आईच्या छातीवर ठेवलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं होतं, ते बराच वेळ सोडलं नाही.

प्रॅक्टिकलला शंभर टक्के हजेरी का लागते, हे अशा दिवशी मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. थिअरीला ८० टक्क्यांवर चालतं. प्रॅक्टिकलचा मात्र एकेक तास भरून दिल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. अर्ध्या तासाचा ठिपका चुकवणारी नर्स माझ्या लेकीच्या बाळंतपणाला असलेली मला चालणार नाही. सवलत द्या, तास कमी करा, असं मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

शुक्रवार

लेक काल रात्री तापली. १०२. पॅरासिटामॉल दिलं, कोमट पाण्यानं अंग पुसलं, पहाटे १०० वर आला. सकाळी जायचं की थांबायचं? ह्यांनी सुट्टी काढायची तयारी दाखवली, पण आज यार्डात महिन्याचा हिशेब होता. आत्या म्हणाल्या, "तू जा, मी हाय की." त्यांची साखर परवाच वर गेलेली. तापलेलं पोर त्यांच्या अंगावर टाकून जायला मन झालं नाही. मी थांबले.

आजचा दिवस गैरहजर लागला. परीक्षेनंतर मैत्रिणी घरी जातील तेव्हा मी वॉर्डात तो भरून देईन. तापाचा दिवस रद्द होत नाही, फक्त पुढं ढकलला जातो, हे तीन वर्षांत पक्कं कळलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आईला जिथं असायला हवं तिथं मी आज होते.

दुपारी ताप उतरल्यावर लेकीनं माझं प्रोसिजर बुक उघडलं आणि स्वतःचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता, काढायला लावला. नाडी मोजताना एवढी शहाण्यासारखी गप्प बसली! चार्टच्या वर तिनंच लिहिलं, "पेशंटचे नाव", आणि पुढं स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट.

लोक भेटले की म्हणतात, "किती करतेस गं, तारेवरची कसरत आहे तुझी." प्रेमानं म्हणतात, मला ते आवडतंही. पण कौतुकानं पाच वाजता शाळेच्या फाटकाशी कुणी उभं राहत नाही. काकू उभ्या राहतात. म्हणून कपाटावरच्या त्या कागदावर काकूंचं नाव सगळ्यात ठळक आहे.

रविवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कोयनेतून पाणी सोडलंय म्हणतात. आमचं घर सांगलीच्या गावभागात, त्यामुळं ह्या दिवसांत घरातला प्रत्येक जण कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याचा आकडा विचारतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आम्ही विश्रामबागला वन्सांकडे राहिलो होतो. अजून इशाऱ्याच्या बरंच खाली आहे, पण माझी जर्नल्स, केअर प्लॅन, प्रसूतींच्या नोंदींची वही, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. लेबर रूमच्या सह्या परत कोण देणार?

उद्यापासून इव्हनिंग, म्हणून आज आत्यांना इन्सुलिन स्वतःचं स्वतः घ्यायला शिकवलं. आजवर मीच द्यायचे. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीवर ४० लिहिलेलं असतं, त्याला लाल टोपणाचीच सिरिंज. केशरी टोपणाची शंभरवाली चुकूनही नाही, तिच्यावरच्या रेघा वेगळ्या. बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायची, हलवून फेस करायचा नाही. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, आणि उद्याची जागा आजच्या जागेपासून बोटभर लांब, नाहीतर गाठ होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. आत्यांनी दहा युनिटची रेघ उजेडात धरून तीनदा बघितली. हात थरथरत होता, पण सुई सरळ गेली. मग म्हणाल्या, "एवढंच व्हय? आन् इतकी वर्सं तुझी वाट बघत बसायची मी." जेवण झाल्यावर काकूंना बोलावून सगळं परत सांगितलं, सिरिंजच्या टोपणासकट.

आठवड्यापूर्वी तारखा कळल्या असत्या तर हे आठवडाभर रोज करून घेता आलं असतं. एका दिवसात सासूच्या हातात सुई द्यायला नको होती. नर्सिंगला येणाऱ्या सगळ्याच अठरा वर्षांच्या नसतात. जीएनएमला, म्हणजे आमच्या ह्या नर्सिंगच्या डिप्लोमाला, पस्तिशीपर्यंत प्रवेश मिळतो, म्हणजे संसार असलेल्या बायका येणार हे धरलेलंच आहे. मग ड्यूटी लावताना त्यांचं घर का धरू नये?

ट्यूटर मॅडमना हे तोंडी बोलले होते. त्या म्हणाल्या, लेखी द्या, मी पुढं पाठवते. रात्री अर्ज लिहायला बसले. दोनच मागण्या. पुढच्या महिन्याची ड्यूटी चालू महिन्याच्या वीस तारखेपर्यंत लावावी. आणि दोघींनी आपसांत बदललेली शिफ्ट, इन्चार्ज सिस्टरची सही असेल तर, मान्य करावी. तास तेवढेच, वॉर्ड तेच.

मसुदा ग्रुपवर टाकला. वाटलं होतं, आम्ही संसारवाल्या तिघीचौघीच सह्या करू. पण हॉस्टेलच्या मुलींनी आधी हात वर केले. जतच्या एकीनं लिहिलंय, "ताई, आधी कळलं तर मलापण घरी जायची एसटी बघता येते." उद्या इव्हनिंगला जायच्या आधी अर्जाची प्रिंट काढायची. सह्यांना खाली भरपूर जागा सोडलीय.