आरोपी सिनेमाचं वकीलपत्र

आमच्या सिनेमा मंडळाचा वार्षिक मेळावा संक्रांत उलटल्यावर येणाऱ्या रविवारी असतो. दीपप्रज्वलन होतं, अहवाल वाचला जातो, कुणीही न ऐकलेला हिशेब टाळ्या वाजवून मंजूर होतो आणि पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडते. सिनेमा हा समाजाचा आरसा आहे, असं पाहुणे दरवर्षी सांगतात. पाहुणे दरवर्षी वेगळे असतात, हे विशेष. एवढं उरकलं की आमचा खरा मेळावा सुरू होतो, म्हणजे वकीलपत्र.

वर्षभर आम्ही एरंडवण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो, जुना किंवा विक्षिप्त सिनेमा बघतो आणि मग चहावर त्याची चिरफाड करतो. ज्याला सगळ्यात जास्त शिव्या पडल्या असतील तो सिनेमा मेळाव्यात आरोपी. कुणीतरी उभं राहून त्याची बाजू मांडायची. मधे बोलायचं नाही. पुण्यात हा नियम पाळला जातो, याचं सगळं श्रेय अध्यक्षबाईंच्या हातातल्या पितळी घंटेला आहे.

आरोपी बहुतेक वेळा भुताखेतांचाच असतो, आणि त्याला कारण आहे. मंडळ काढणारे आमचे ज्येष्ठ सगळे रसास्वाद अभ्यासक्रमातून आलेले. १९६४ साली सुरू झालेल्या, जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म अर्काइव्हजमध्ये त्यांनी ते उभारणाऱ्या पी. के. नायर यांना प्रत्यक्ष पाहिलेलं. नायर अंधारात बसून वहीत नोंदी करायचे, म्हणून यांनीही ती सवय लावून घेतली. फक्त यांचं अंधारातलं अक्षर नंतर यांनाच लागत नाही. पण नायर सिनेमे जमवताना हा उच्च, तो नीच असं करत नसत. ही गोष्ट मात्र आमचे ज्येष्ठ सोयीस्कर विसरतात. पडद्यावर कवटी दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच.

मला सगळ्यात जवळचं वकीलपत्र नानांचं. नाना शिवाजीनगर कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. चर्चेत कधी तोंड उघडायचे नाहीत, चपला मात्र नेमाने बाहेर ओळीत लावायचे, स्वतःच्या आणि इतरांच्याही. त्या वर्षी आरोपी होता जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२ सालचा, रक्तपिपासू भुताचा मूकपट, ‘नोस्फेरातू’. तरुण मंडळी बघताना फिदीफिदी हसली होती, ज्येष्ठांनी अभिनयाला ‘तमाशातला राक्षस’ म्हटलं होतं. नाना उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मी सिनेमावर नाही बोलणार. हुकूमनाम्यावर बोलतो.”

मग त्यांनी सगळं प्रकरण कोर्टातल्यासारखं मांडलं. सिनेमावाल्यांनी ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची नावं बदलून गोष्ट उचलली, हक्क घेतले नाहीत. लेखक ब्रॅम स्टोकर तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या पत्नीने दावा लावला. कंपनीचं दिवाळं आधीच वाजलेलं, त्यामुळे वसूल करायला काही नाही. शेवटी १९२५ मध्ये जर्मनीतल्या कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला.

“वकिलांना वाटतं हुकूम झाला की काम झालं,” नाना म्हणाले. “बजावणी आम्ही करतो. मी उभ्या नोकरीत दारोदार हेच केलं. एका बाईनं शिवणयंत्र शेजारणीकडे ठेवलं होतं. मला खिडकीतून दिसत होतं. मी शेरा मारला, वस्तू मिळून आली नाही. या सिनेमाचंही तसंच झालं असणार. कुठल्यातरी गावात कुठल्यातरी माझ्यासारख्यानं लिहिलं असणार, मिळून आली नाही.”

प्रती आधीच परदेशी पोचल्या होत्या म्हणून सिनेमा वाचला, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एरवी चुकीची तारीख ऐकली की ज्यांचा हात वर जातो, त्यांनीसुद्धा तो हात मांडीवरच ठेवला. अध्यक्षबाईंची घंटा तेवढ्यापुरती गप्प होती आणि मी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

नाना तिथे थांबले नाहीत, आणि म्हणूनच ते भाषण मला भाबडं वाटत नाही. कादंबरीतला उमराव, म्हणजे ड्रॅक्युला, दिवसाउजेडी हिंडतो, उन्हाने मरायची कल्पना या सिनेमाची, असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे ज्याने गोष्ट चोरली त्याने तिच्यात स्वतःची भरही घातली, आणि पुढचे सगळे रक्तपिपासू सूर्याला भितात ते या चोरामुळे. मग त्यांनी १९६८ चा जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. ऐनवेळी नाव बदलताना पाटीवरची हक्काची ओळ गळली आणि तो सिनेमा कुणीही छापावा, कुणीही विकावा असा मोकळा झाला. “एकाला परवाना नव्हता म्हणून फाशी, दुसऱ्याची ओळ राहिली म्हणून गावभर वरात.” ज्येष्ठांपैकी एकांनी पुढच्या महिन्यात स्वतःहून तो सिनेमा लावायला सांगितला. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

हिंदीत भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचं वकीलपत्र हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीने घेतलं होतं. ती दरवेळी अर्धा सिनेमा झाल्यावर येते आणि झालेला अर्धा शेजारच्याला विचारते. १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’ त्यांनी आपल्या महाबळेश्वरात केला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, कुमार लेखनाला, असं ती भावांची नावं आणि कामं सांगत गेली. घरचं लग्न असावं तसा सिनेमा, असं ती म्हणाली तेव्हा मागच्या रांगेतले काका पुटपुटले, “म्हणूनच जेवण बरं आणि व्यवस्था वाईट.” घंटा वाजली. ती मुलगी मात्र हसली आणि म्हणाली, “काका, व्यवस्था बघायला तुम्ही आला होतात का? भुताला बघायला आला होतात.” यावर काकांकडे उत्तर नव्हतं.

मंडळातल्या एका काकूंच्या प्रयोगाबद्दल एक ओळ तरी लिहिलीच पाहिजे. हिचकॉकच्या ‘सायको’तला न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग त्यांनी आधी आवाज बंद करून दाखवला, मग आवाजासकट. हिचकॉकला सुरुवातीला तिथे संगीत नकोच होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने नुसत्या तंतुवाद्यांवर ते रचून ऐकवलं आणि त्याचं मत फिरलं, हे त्यांनी मधल्या वेळात सांगितलं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, हे सांगायचं राहिलं, ते त्यांनी वडे वाढताना सांगितलं.

‘तुंबाड’ या सिनेमावर भांडण झालं ते मी इथे उकरत नाही. शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आणि प्रेरणा भयकथाकार नारायण धारपांच्या कथेची, यावर एकमत होतं. पुढे कशावरच नव्हतं. धारप वाचलेले एका बाजूला आणि न वाचलेले दुसऱ्या बाजूला, आणि न वाचलेल्यांचा आवाज मोठा. २०१८ मध्ये थिएटरात फारसं कुणी गेलं नव्हतं, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा गर्दी लोटली. त्यात आमचे कितीतरी सभासद होते, जे पहिल्या वेळी ‘ओटीटीवर बघू’ म्हणाले होते. नावं घेत नाही.

हजेरीचं दुखणं वेगळंच. फिल्म फेस्टिव्हलच्या रांगेत थंडीत पहाटेपासून उभं राहणारे लोक आमच्या मेळाव्याला ‘बाणेरहून यायचं म्हणजे’ असं म्हणतात. काही जण बरोबर जेवणाच्या वेळी उगवतात. त्यांना मसालेभात मिळतो, कारण आम्ही पुणेरी असलो तरी दुष्ट नाही. जिलबी मात्र मोजून.

आता आभार, आणि यात कुणी राहिलं तर माझं खरं नाही. प्रोजेक्टरची वायर दरवेळी घरून आणणारे दुसऱ्या मजल्यावरचे दादा. पडद्याला इस्त्री करणाऱ्या वहिनी. सुरकुती नटीच्या नाकावर येते, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आलं. खुर्च्या लावणारी आणि उचलणारी दोन्ही मुलं, त्यातला धाकटा यंदा बारावीला आहे, तरी आला. हॉलची किल्ली सांभाळणारे वॉचमनमामा, जे दारात उभं राहून सगळे सिनेमे बघतात आणि सगळ्यांना ‘बरा होता’ म्हणतात. आमंत्रणाचं शुद्धलेखन तपासणाऱ्या निवृत्त बाई. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचे अण्णा, उधारीसकट. पहिल्या वर्षी कपाट देणारं कुटुंब, जे आता नाशिकला गेलं. कपाट आमच्याकडेच आहे, त्यांनी काळजी करू नये. घंटा अध्यक्षबाईंच्या सासूबाईंची, देवघरातली, हेही नोंदवून ठेवतो.

यंदाचा आरोपी कुठला, हे मंडळाने ठरवलंय. वकील अजून मिळालेला नाही. नानांना विचारलं तर म्हणाले, एका माणसाने दोनदा उभं राहू नये, कोर्टात आवडत नाही. मागच्या रांगेतल्या काकांचं नाव मी सुचवलं आहे.