तुम्ही विचारलंत म्हणून: तो लिंकन खरा की जोडलेला?

"हा फोटो खरा आहे का हो?" लिंकनचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याच्या फौजेचा सेनापती असलेल्या जनरल ग्रँटचा, नाहीतर गुलामगिरीतून सुटलेल्या एखाद्या स्त्रीचा जुना फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर येतो आणि पाठोपाठ हा प्रश्न माझ्याकडे येतो. मराठी माणसाला त्या काळाबद्दल ओढ असावी याला कारण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना. लिंकनचा चेहरा तर आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहे, मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेल्या त्या प्रसिद्ध पत्रासोबत. ते पत्र लिंकनच्या संकलित लेखनात कुठेही नाही. मग लोक पुढे विचारतात, निदान चेहरा तरी त्याचाच ना?

चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघा, हे माझं पहिलं सांगणं. आधी ते चित्र कागदावर कशाने उतरलं ते ओळखायचं. मूळ प्रत हाती असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. नुसतीच फाइल असेल तर ती शक्य तितकी मोठी करा. ओळीने मांडलेले, एकसारखे ठिपके दिसले तर तो हाफटोन आहे. जुन्या दिवाळी अंकांतले ब्लॉक पाहिलेल्यांना हे ठिपके नव्याने सांगायला नकोत. हाफटोन वर्तमानपत्रांत आला १८८० पासून पुढे. तेव्हा ठिपके असलेला '१८६१ चा मूळ फोटो' ही फार तर नंतर छापलेली नक्कल. ठिपके नाहीत, पण जाड-बारीक होत जाणाऱ्या रेघा आहेत, तर तो लाकडी ठोकळ्यावरचा कोरीव ठसा. खडूने घासल्यासारखा रवा दिसला तर शिळाछाप. रेघा आहेत आणि कागदाच्या कडेला चौकोनी दाब उठलाय, तर धातूचा पत्रा कोरलेला. आणि तपकिरी-जांभळट रंग, पिवळसर पडलेला पांढरा भाग, चित्राखालून कागदाचे तंतू दिसताहेत, ठिपका एकही नाही, असं असेल तर हातात अंड्याच्या पांढऱ्यावर काढलेली अल्ब्युमेन प्रत असण्याची शक्यता मोठी. ती मात्र जपून धरा.

यात लाकडी ठोकळा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८६० मध्ये फोटो थेट वर्तमानपत्रात छापताच येत नव्हता. फोटो समोर ठेवून चित्रकार ठोकळ्यावर चित्र काढायचा आणि कोरणारे ते कोरायचे. लाकूड बॉक्सवुडचं, अतिशय घट्ट. पण त्या झाडाचा बुंधा बारीक असतो, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे मागून बोल्टने एकत्र आवळत. काम घाईचं असलं की ते सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटत. 'हार्पर्स वीकली' या तेव्हाच्या अमेरिकी साप्ताहिकाचं मोठं चित्र तिरप्या उजेडात धरलंत तर या सांध्यांच्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघा सरळ खाली उतरताना दिसतात. म्हणजे वाचकापर्यंत जो 'फोटो' गेला तो अनेक हातांतून गेलेला होता. सभेत गर्दी दाट दाखवायची की विरळ, हे त्या हातांवर होतं.

आता लिंकन. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कला कूपर युनियनच्या सभागृहात त्याचं भाषण होतं. त्याच दिवशी मॅथ्यू ब्रेडी या नामांकित छायाचित्रकाराच्या स्टुडिओत त्याचा फोटो निघाला. लिंकनची मान लांब आणि सडपातळ होती. ब्रेडीने त्याला कॉलर वर ओढायला लावली आणि मान आखूड दिसू लागली. प्रतिमेवर नंतर हातही फिरवला गेला. मे महिन्यात शिकागोला उमेदवारी मिळाल्यावर हाच चेहरा साप्ताहिकांत, शिळाछापाच्या तसबिरींत आणि छातीवर लावायच्या बिल्ल्यांवर गेला. या फोटोला खोटा म्हणता येत नाही, कारण माणूस तोच, दिवस तोच, अंगरखाही त्याचाच. पण तो निवडणुकीसाठी सावरलेला आहे. हा फरक धरून ठेवला की पुढचं सगळं सोपं जातं.

खरोखर जोडलेला लिंकन वेगळा आहे. टेबलाजवळ झग्यासारखं वस्त्र घेऊन रुबाबात उभा असलेला, पूर्ण उंचीचा. लिंकनच्या हत्येनंतर अशा भव्य चित्राला मागणी होती आणि तसा उभा फोटो फारसा नव्हता. म्हणून विल्यम पेट या कोरणाऱ्याच्या छापील चित्रात लिंकनचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलं गेलं. धड कुणाचं? दक्षिण कॅरोलिनाच्या जॉन कॅल्हूनचं! गुलामगिरी ही हिताची गोष्ट आहे असं सिनेटमध्ये ठासून सांगणारा हा नेता १८५० सालीच वारला होता आणि त्याचं हे चित्र १८५२ साली कोरलं गेलं होतं. टेबलावरच्या कागदांवर मुळात 'काटेकोर राज्यघटना', 'खुला व्यापार', 'राज्यांचं सार्वभौमत्व' अशी अक्षरं होती. नव्या चित्रात त्यांच्या जागी 'राज्यघटना', 'संघराज्य' आणि 'स्वातंत्र्याची घोषणा' आलं. डोकं घेतलं ते ९ फेब्रुवारी १८६४ रोजी ब्रेडीच्या स्टुडिओत अँथनी बर्गरने काढलेल्या फोटोवरून. ५ डॉलरच्या नोटेवरचा चेहराही त्याच बैठकीतला. हे बिंग फुटलं ते एका तिळामुळे. लिंकनच्या उजव्या गालावर, तोंडाच्या कोपऱ्याजवळ ठळक तीळ होता. या चित्रात तो डाव्या गालावर गेला, कारण डोकं बसवताना उलटं झालं होतं.

इथेच लोक घाई करतात. तीळ उलट्या बाजूला दिसला की 'बनावट' म्हणून मोकळे होतात. पण डॅगेरोटाइप आणि लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप हे थेट धातूवर उमटतात, त्यामुळे आरशासारखे उलटेच येतात. (दोन्हींत गोंधळ होत असेल तर चौकटीबाहेरून चुंबक लावून बघा. टिनटाइपला तो ओढतो, तांब्यावर चांदी चढवलेल्या डॅगेरोटाइपला ओढत नाही.) म्हणून तिळासोबत कोटाची बटणं तपासायची. पुरुषी कोटाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या अंगाला असतात. तीळ आणि बटणं दोन्ही उलट असतील तर अख्खं चित्र उलटं आहे, त्यात काही वावगं नाही. बटणं जागेवर आणि तीळ तेवढा पलीकडे, तर डोकं बाहेरून आलंय.

ग्रँटचा घोड्यावरचा फोटो याहून अवघड, कारण तो तिन्ही अंगांनी फोटोच आहे. 'सिटी पॉइंट येथे जनरल ग्रँट' अशा नावाने तो आजही फिरतो. मागे तंबू, सैनिकांची दाटी, पुढे घोड्यावर सेनापती. १९०२ च्या सुमारास ब्रेडीच्या बायकोचा भाचा लेविन हँडी याने तो तीन निगेटिव्हांतून जुळवला. डोकं जून १८६४ मधलं, कोल्ड हार्बरच्या छावणीतल्या ग्रँटचं. घोडा आणि धड मेजर जनरल अलेक्झांडर मॅकुकचं, जुलै १८६४ मधलं. मागची गर्दी म्हणजे सप्टेंबर १८६४ मध्ये फिशर्स हिलच्या लढाईत पकडलेले दक्षिणेचे कैदी. आपल्याच फौजेपुढे उभा वाटणारा ग्रँट प्रत्यक्षात शत्रूच्या कैद्यांसमोर चिकटवलेला आहे. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ग्रंथालयाने (लायब्ररी ऑफ काँग्रेस) तिन्ही मूळ निगेटिव्ह शोधून हे उलगडून दाखवलं. असल्या चित्रात मान आणि कॉलर जुळतात तिथे आधी बघायचं, मग नाकाची सावली एका बाजूला आणि घोड्याची दुसऱ्या बाजूला पडते का ते. शेवटी हुद्दा. मार्च १८६४ पासून ग्रँट लेफ्टनंट जनरल होता, खांद्यावर तीन तारे. मेजर जनरलला दोन.

तारीख ठरवायला माणसांपेक्षा इमारती जास्त उपयोगी पडतात. वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलचा, म्हणजे संसदभवनाचा, जुना घुमट उतरवून लोखंडी घुमटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ४ मार्च १८६१ ला लिंकनने पहिली शपथ घेतली तेव्हाच्या फोटोत तो अर्धवट आहे आणि वर क्रेन दिसते. शिखरावरचा पुतळा २ डिसेंबर १८६३ रोजी पुरा बसला. पुतळ्यासकट घुमट दिसतोय आणि खाली '१८६१' लिहिलंय, तर ओळ चुकीची. तसंच वॉशिंग्टन स्मारक: १८५४ पासून पंचवीसेक वर्षं ते थोटकासारखं उभं होतं, पूर्ण झालं डिसेंबर १८८४ मध्ये. लिंकनपुरती खूण आणखी सोपी. दाढी नसेल तर फोटो नोव्हेंबर १८६० च्या आधीचा.

लहान कार्डावर चिकटवलेला फोटो असेल (साधारण अडीच बाय चार इंच, त्या काळी घराघरांत जमवले जात) तर तो उलटा करा. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंच्या विक्रीवर कर होता आणि त्याचं तिकीट मागे लावत: पंचवीस सेंटपर्यंत दोन सेंटचं, पन्नासपर्यंत तीनचं, डॉलरपर्यंत पाचचं. विकणारा त्यावर पेनने अद्याक्षरं किंवा तारीख टाकायचा. शाईची रेघ तिकिटावरून कार्डावर सलग उतरलीय का ते बघा. मध्येच तुटत असेल तर तिकीट मागाहून डकवलेलं असू शकतं.

आकाश कोरं पांढरं दिसलं म्हणून मात्र शंका घेऊ नका. त्या काळी फोटो काढायच्या ओल्या काचेच्या प्लेटला निळा प्रकाश फार लवकर लागायचा आणि लाल जवळजवळ लागायचाच नाही. म्हणून आकाश पांढरं, आणि अमेरिकन झेंड्याचे लाल पट्टे काळे, तर ताऱ्यांमागचा निळा चौकोन फिकट. हल्ली रंग भरून जे फोटो फिरतात त्यांत हे हमखास चुकतं. शिवाय प्लेट ओली असेतोवरच, साधारण दहा मिनिटांत, सगळं उरकायचं आणि उघडीप काही सेकंदांची. हात उगारून बोलणारा वक्ता स्पष्ट टिपलेला असेल तर ते चित्र बहुधा १८६० च्या दशकातलं छायाचित्र नव्हे.

या सगळ्यात मला सर्वाधिक आदर वाटतो तो सोजर्नर ट्रुथबद्दल. गुलामगिरीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी ही बाई स्वतःचे फोटो स्वतः विकायची. हातात विणकाम, डोक्याला पांढरी टोपी, आणि खाली छापलेलं वाक्य: देहाच्या पोटासाठी मी माझी सावली विकते. १८६४ मध्ये तिने त्या फोटोचा हक्क स्वतःच्या नावावर नोंदवला. कसं दिसायचं हे तिने ठरवलं, ब्रेडीने नाही.

घरबसल्या शोधायचं तर काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संग्रहात जा. आधी नोंदीखालची टिपणं वाचा, जोडकाम उघड झालेलं असेल तर तिथेच लिहिलेलं असतं. मग सगळ्यात मोठी टिफ फाइल उतरवा, छोट्या जेपेगमध्ये कडा विरघळून जातात. युद्धकाळातल्या बऱ्याच निगेटिव्ह जोडीच्या, म्हणजे दोन भिंगांनी घेतलेल्या आहेत. दोन्ही अर्धे शेजारी ठेवून ताडून बघा. एकात घातलेली वस्तू दुसऱ्यात नसते.

सरकारने १८७५ मध्ये ब्रेडीला त्याच्या संग्रहाच्या हक्कापोटी २५,००० डॉलर दिले. त्या संग्रहातून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आलेल्या काचेच्या निगेटिव्हांमध्ये, लिंकनने प्रसिद्ध भाषण केलं त्या गेटिसबर्गच्या गर्दीची एक काच होती, १९ नोव्हेंबर १८६३ ची. तीत लिंकन आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. १९५२ साली तिथल्या जोसेफीन कॉब यांनी ती मोठी करून पाहिली आणि तो सापडला. ती फाइल उघडलीत तर आधी उंच हॅट घातलेला दाढीवाला वॉर्ड लॅमन, लिंकनचा मित्र आणि अंगरक्षक, शोधा. त्याच्याजवळ बोडक्या डोक्याचा, मान खाली घातलेला माणूस दिसेल. भाषण अजून व्हायचं आहे.