साडेबारापर्यंत जागायचं कसं?

मंगळवार, रात्री

सत्र संपून तास झाला, तरी डोक्यात तेच घोळतंय. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारांच्या ऑनलाइन प्रशिक्षणातलं हे चौथं सत्र. आज स्लीप रिस्ट्रिक्शनचा, म्हणजे अंथरुणातला वेळ मोजून कमी करण्याचा सराव होता.

हिशेब सोपा आहे. सरावाच्या केसमधली बाई रात्री दहाला पाठ टेकते, सकाळी सातला उठते. अंथरुणात नऊ तास, दोन आठवड्यांच्या नोंदीतली सरासरी झोप साडेपाच तास, म्हणजे अंथरुणातल्या वेळाच्या जेमतेम 61 टक्के. मग अंथरुणातला वेळच साडेपाच तासांवर आणायचा. साडेबाराला पडायचं, सहाला उठायचं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हे प्रमाण आठवडाभर 85 टक्क्यांच्या वर राहिलं की पंधरा मिनिटं वाढवून द्यायची. आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हे मांडलं. वाचताना दहा मिनिटांत कळतं, सांगताना जीभ अडखळते.

ब्रेकआउट रूममध्ये माझी जोडीदार रुग्ण झाली. म्हणाली, "डॉक्टर, मला झोप येत नाही म्हणून मी आले. आणि तुम्ही मलाच जागं राहा म्हणताय?" मी झोपेचा दाब समजावू लागले. जितका वेळ जागे राहाल तितका तो साठतो, डुलकी काढली की उतरतो, वगैरे. सगळं बरोबर होतं. मॅडम ऐकत होत्या, त्यांनी मध्येच थांबवलं. "तिने आत्ता काय विचारलं, ते तिच्याच शब्दांत सांगा." मला आठवेना. प्रश्न संपायच्या आतच मी उत्तर जुळवायला घेतलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी आधी गप्प बसले. मग म्हटलं, "दमलेल्या माणसाला हे ऐकणं जड जाणारच. पहिले एक-दोन आठवडे आणखी दमायला होईल, तेव्हा गाडी चालवताना जपा." तिचा चेहरा सैलावला. नाटकातला चेहरा, पण सैलावला खरा.

किती जणांना मी आजवर "लवकर अंथरुणात जा, कॉफी कमी करा" एवढं सांगून गोळी लिहून दिली! अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशात आधी सीबीटी-आय (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलणारा हाच उपचार) द्या, असं 2016 मध्येच सांगितलंय. कॉफीचं ठीक, पण एकट्या तेवढ्याने जुना निद्रानाश हटत नाही. आणि लवकर अंथरुणात जाण्याचा सल्ला तर उलटाच. टक्क डोळे उघडे ठेवून रोज तीन-तीन तास कूस बदलली की गादी म्हणजे जागरणाची जागा, हे शरीराला पाठ होतं. रिचर्ड बुट्झिन यांचा 1972 मधला उपाय नेमका यावरच आहे: झोप येईना तर उठा, दुसरीकडे बसा, डोळे मिटायला लागले की परत या. इतके दिवस उलटा सल्ला दिला, याचं मला आज फार वाईट वाटतंय.

वहीत ठळक लिहून ठेवलंय: फिट येणारे, बायपोलर असलेले, कामासाठी वाहन चालवणारे यांना सरसकट हे लावायचं नाही. साडेपाच ही माझी खालची मर्यादा, नोंदीत चार तास दिसले तरी.

गुरुवार

आज पहिल्यांदा खऱ्या रुग्णाला सांगितलं. पन्नाशीतल्या बाई, नोंदवही रोज सकाळी नेमाने भरलेली. एका पानावर वेळांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "तीनला घड्याळ पाहिलं. परत साडेतीनला." मी ते वाचलं तशा त्या रडल्या. मी वाट पाहिली.

हिशेब त्यांनी चटकन मान्य केला, मी उगाच धास्तावले होते. अडलं भलतीकडेच. "साडेबारापर्यंत मी करू काय? घरातले सगळे दहाला दिवे मालवतात." याचं उत्तर कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. पंधरा मिनिटं आम्ही दोघी तेवढंच ठरवत बसलो: कुठल्या खुर्चीत बसायचं, दिवा किती मंद ठेवायचा, अर्धवट राहिलेलं विणकाम काढायचं का. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, हे त्यांनीच सुचवलं.

पुढच्या गुरुवारी वही घेऊन येणार आहेत.