डग्लस: एका आडनावाचा माग

एखादं आडनाव धरायचं आणि ते कुठे कुठे निघतं ते हुडकत बसायचं, हा माझा जुना नाद. सध्या डग्लसच्या मागे लागलोय.

मूळ गाव स्कॉटलंडच्या दक्षिणेला, लॅनार्कशरमध्ये. तिथला सर जेम्स डग्लस म्हणजे राजा रॉबर्ट ब्रूसचा उजवा हात. १३२९ मध्ये राजा वारला. त्याचं काळीज डबीत घालून जेम्स धर्मयुद्धाला निघाला आणि पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये तेबाजवळ लढताना पडला. काळीज परत आलं, मेलरोजच्या मठात पुरलं गेलं. घराण्याच्या ढालीवरही तेव्हापासून काळीज आहे.

आइल ऑफ मॅनची राजधानीही डग्लसच, पण तिचा या घराण्याशी संबंध नाही. स्कॉटलंडमधल्या स्कून गावचा डेव्हिड डग्लस झाडं-बिया गोळा करत जगभर हिंडला आणि १८३४ मध्ये हवाईत, रानटी गुरांसाठी खणलेल्या खड्ड्यात मेला. डग्लस फर हे झाड त्याच्या नावाचं. शास्त्रीय नावात मात्र मेंझीस हा दुसराच स्कॉटिश माणूस जाऊन बसलाय!

पण माझ्या मते या आडनावाचं सोनं केलं ते जन्माने डग्लस नसलेल्या माणसाने. फ्रेडरिक बेली १८३८ मध्ये अमेरिकेत गुलामीतून पळाला. माग लागू नये म्हणून आडनाव बदलून जॉन्सन केलं, तर ज्या न्यू बेडफर्ड गावात पोहोचला तिथे जॉन्सनांचा सुकाळ! ज्यांच्याकडे उतरला तेही जॉन्सनच. ते नुकतेच वॉल्टर स्कॉटचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य वाचत होते. त्यातल्या परागंदा सरदाराचं, डग्लसचं, नाव त्यांनी सुचवलं. याने स्पेलिंगमध्ये एक एस जास्तीचा लावला आणि झाला फ्रेडरिक डग्लस.

१८४६ मध्ये हा गृहस्थ स्कॉटलंडमध्येच गुलामीविरुद्ध भाषणं देत फिरत होता. अमेरिकेच्या कायद्याने तेव्हाही गुलामच; त्याच्या सुटकेचे पैसे ब्रिटनमधल्या स्नेह्यांनी त्या वर्षअखेरीस भरले. तीन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्च या पंथाने अमेरिकेतून सुमारे ३,००० पौंड देणगी आणली होती, त्यात गुलाममालकांचाही पैसा होता. याने सभा गाजवल्या: ‘पैसे परत पाठवा!’ लोकांनी ती घोषणा उचलून धरली, गाणीही रचली.

चर्चने पैसे परत केले नाहीत.