कराचीचे उंट

ब्रोकन हिल, शनिवार, रात्र

अ‍ॅडलेडहून पाचशे किलोमीटर गाडी हाकत इथे आलो ते फक्त मुक्कामापुरतं. दिवसभर आजूबाजूचा माळ पालथा घालायचा, रात्री पाठ टेकायला गाव. चांदी-शिसं-जस्ताच्या खाणींचं गाव हे. रस्त्यांची नावंही तशीच: अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड. लेक एकेक पाटी मोठ्याने वाचते.

आज ११० किलोमीटरवरच्या मेनिंडीला गेलो. न्यू साउथ वेल्समध्ये असूनही ब्रोकन हिलची घड्याळं अ‍ॅडलेडच्या वेळेवर चालतात, त्यामुळे वाटेत फोन अर्धा तास पुढे गेला. सरळसोट रस्ता, लाल माती, राखाडी खुरटी झुडपं. तासभरात समोरून दोनच गाड्या आल्या.

१८६० साली ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेली बर्क आणि विल्सची मोहीम मेनिंडीवरूनच पुढे गेली. तिच्यासाठी २४ उंट कराचीहून जहाजाने आणले होते. उंटांबरोबर त्यांना सांभाळणारे आले. त्यांच्यातल्या दोस्त महंमदची कबर गावाबाहेर आहे. तिथे उभी राहिले. माश्या डोळ्यांवर बसत होत्या, पण हात हलवावासा वाटेना.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. बाबांचा जन्म तिथलाच. १९४७ साली सात वर्षांचे असताना आजीचा पदर धरून बोटीने मुंबईला आले. घरी कराचीचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जातात.

कांगारू रस्त्यावर यायच्या आत परतलो आणि इथली मशीद गाठली. दार बंद होतं. उंटवाल्यांनीच बांधलेली, साध्या पन्हळी पत्र्याची, लाल रंगाची. पत्रा संध्याकाळीही तापलेला होता. सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण कित्येक जण बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले. खाणींचा माल, लोकर, धान्य सगळं यांच्या उंटांवरून गेलं. बहुतेकांना बायकामुलं आणता आली नाहीत. बांधलं ते हे एवढंसं देऊळ म्हणावं तसं घर. मला ते फार आपलं वाटलं.

रात्री बाबांना फोन लावला. उंटांचं सांगितलं, कबरीचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “त्या गावात नदी आहे का गं?”

आहे म्हटलं. डार्लिंग.

“मग बरं,” म्हणाले.