निकालावर बोनस द्यायचा, तर मोजायचं काय?

ठाणे-नवी मुंबईत पालक हमखास विचारतात: महापालिका शाळेत जीव तोडून शिकवणाऱ्या बाई आणि नुसती हजेरी लावणारे गुरुजी, दोघांचा पगार सारखा का? निकालावर बोनस का देत नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बोनस द्यायला माझी हरकत नाही. पण मोजणी चुकली, तर तो चांगल्या वस्तीत नेमणूक मिळाल्याचा बोनस ठरतो.

आज शिक्षकाला दरवर्षी सुमारे 3 टक्के वेतनवाढ, 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी, म्हणजे सेवेच्या वर्षांवर मिळणारे पगाराचे वरचे टप्पे, असतात. दिवाळीचं सानुग्रह अनुदान म्हणजे आपण बोलताना म्हणतो तो बोनस. त्याचा शिकवण्याशी संबंध नाही. 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने या वेतनश्रेण्यांना शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनातली 'अ' श्रेणी आणि नववी-दहावीसाठी 80 टक्के निकालाची अट जोडली होती. पुढे ती काढली, आणि ते योग्यच झालं. अख्ख्या शाळेच्या श्रेणीसाठी एकट्या शिक्षकाचा पगार अडवणं हा न्याय नव्हे.

मोजायची ती वाढ. तुर्भे स्टोअरला नाका कामगारांच्या मुलांचा वर्ग 30 वरून 45 गुणांवर गेला आणि दुसरीकडे शिकवणीला जाणाऱ्या मुलांचा वर्ग 70 वरून 73 वर, तर काम पहिल्या वर्गात झालं. म्हणून जुलैत पायाभूत चाचणी आणि मार्चमध्ये त्याच मुलांची अंतिम चाचणी. दोन्ही वेळा प्रश्नपत्रिका बाहेरून यावी, पर्यवेक्षक दुसऱ्या केंद्रातले (शाळांच्या गटातले) असावेत, उत्तरपत्रिकाही तिसरीकडे तपासाव्यात. फक्त मार्चच्या चाचणीवर पहारा ठेवला, तर जुलैत गुण मुद्दाम कमी पडू देता येतात. पैशासाठी माणसं याच्याही पुढे जातात. अमेरिकेतल्या अटलांटात मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याच्या प्रकरणात 2015 मध्ये 11 शाळा-कर्मचारी दोषी ठरले.

गैरहजर मुलांचं काय? जुलैत चाचणी दिलेलं मूल मार्चला नसेल, तर त्याची वाढ शून्य धरायची. नाहीतर कच्च्या मुलाला "उद्या येऊ नकोस" असं सांगितलं जाईल. मात्र पालक कामासाठी दुसऱ्या गावी गेले आणि मूल शिक्षण हमी पत्रकावर (स्थलांतरित मुलाला शाळा देते तो दाखला) तिकडच्या शाळेत दाखल झालं, तर ते हिशोबातून वगळायचं.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते गणित. वर्ग 30 मुलांचा आहे आणि एकेका मुलाच्या वाढीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा साधारण फरक, 20 गुण आहे असं धरा. 20 भागिले 30 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 3.7 गुण; वर्गाची सरासरी नुसत्या योगायोगाने एवढी हलते. शिक्षक तेच, शिकवणं तेच, तरी सरासरी यंदा चार गुण वर आणि पुढल्या वर्षी चार खाली जाऊ शकते. एका वर्षाच्या आकड्यावर पैसे वाटले, तर बराचसा बोनस नशिबाला जाईल. तीन वर्षांची 90 मुलं एकत्र धरली की हा हेलकावा 2 गुणांवर येतो.

हे जमतं का? आंध्र प्रदेशात 2005 पासून सरकारी ग्रामीण प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला. सरासरी गुणांत 5 टक्क्यांपुढे जेवढी वाढ होईल, तिच्या प्रत्येक टक्क्याला 500 रुपये. बोनस सरासरी वार्षिक पगाराच्या 3 टक्के पडला. दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्हींत मुलं तुलनेच्या शाळांपेक्षा पुढे गेली. शिवाय ज्यांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही गुण वाढले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कने मात्र 2007 ते 2010 मध्ये लक्ष्य गाठणाऱ्या शाळेला शिक्षकामागे 3000 डॉलर दिले. बहुतेक शाळांनी ते जवळजवळ सारखे वाटून घेतले आणि मुलांचे गुण वाढले नाहीत.

महिना 60,000 पगार धरला, तर आंध्रातल्यासारख्या 3 टक्क्यांनी वर्षाचे 21,600 रुपये होतात. त्याआधी एक वजाबाकी करायला हवी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला मुभा देतं. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या शिक्षकाचे ते दिवस हिशोबातून वजा केले नाहीत, तर त्याने न घेतलेल्या तासांची शिक्षा त्यालाच होते. आणि रक्कम जूनपर्यंत खात्यात जमा व्हायला हवी. त्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, लागेल. थकीत पगाराच्या फरकाच्या बिलासारखी ती दोन वर्षांनी मिळाली, तर कोणत्या वर्गाच्या कामाचे हे पैसे, हे घेणाऱ्यालाही आठवणार नाही.