फळी गेली, खिळा राहिला

आज आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘दूधवाली’समोर एकदाची उभी राहिले. समोर ही गर्दी, मोबाइल, सेल्फी! आणि चित्र जेमतेम दीड फूट उंच. बाईसाहेब मात्र कुणाकडे मान वर करून बघत नाहीत. दूध ओतणं चालू.

माझी नजर अडकली मागच्या पांढऱ्या भिंतीत. वर एक रिकामा खिळा, त्याची इवलीशी सावली, आजूबाजूला जुन्या खिळ्यांची भोकं. खिडकीची एक काच फुटकी. खाली कोपऱ्यात पाय शेकायची लाकडी पेटी. स्वयंपाकघर साधारण १६६०च्या आसपासचं, पण भिंत अगदी आमच्या भाड्याच्या खोलीची (आमच्याकडे भोकं मोजायला घरमालक येतात, एवढाच फरक).

२०२२मध्ये चित्राचं स्कॅनिंग झालं तेव्हा कळलं, दूधवालीच्या डोक्यामागे व्हर्मीरने आधी चंबू अडकवायची फळी रंगवायला घेतली होती. नंतर त्या फळीवर सरळ रंग फासला. भिंत मोकळी केली. खिळा मात्र आहे!

बाहेर आल्यावर त्याच विचारात दोन ट्राम सोडल्या. घरी पोचले तर दूध संपलेलं.